मुद्देमाल म्हणून जप्त झालेला हरण्या

वैशाख वद्य ९, शके १८५२

तीर्थरूप विठ्ठलमामांच्या पायांवर भाचा बबन डोके ठेवतो. आपली कंबर कशी आहे? रुईच्या पानांनी शेक चालू असेलच. मी खुशाल आहे. आश्रुबा खुशाल आहे. हरण्या आणि चांद्या हे दोन्ही बैल जिवंत आहेत. (आधी ‘खुशाल आहेत’ असे लिहिले होते, पण हरण्याच्या मांडीला खरचटले असल्याने ते खोडून बरोबर केले.) दमणीबद्दल पुढे क्रमाने येईल. पत्र बसून वाचावे, आणि मधली पाने सोडून एकदम शेवट पाहू नये, ही विनंती.

मामींना माहेरी धर्मापुरीला जाऊन दोन महिने झाले. भाचीचे लग्न कधीच उरकले. ‘ते स्वतः न्यायला आले तरच येईन’ असा मामींचा निरोप आला, तेव्हा आपण दमणी जुंपून, हाकायला आश्रुबा देऊन, माझ्या ताब्यात दिलीत आणि म्हणालात, “मला सवड न्हाई. तू जा अन् घेऊन ये. हरण्याला सांभाळ.” (मामींना सांभाळ असे आपण म्हणाला नाहीत, त्यामुळे ते मी आपल्या मनानेच लक्षात ठेवले.) मृगाच्या आधी बैल दारात पाहिजेत, नाहीतर पेरणी बसली, ही ताकीद तर आपण तीन वेळा दिलीत. तिसऱ्या वेळी आम्ही वेशीबाहेर होतो, तरी ऐकू आली.

केज सोडून दुसऱ्या दिवशी, दुपार कलल्यावर, समोरून मोटार आली. ती भगवानरावांची होती. त्यांचा चार गावांचा कारभार आहे आणि मोटार एक आहे, हिरव्या रंगाची. भोंगा ऐकून आश्रुबाने बैल डावीकडे घेतले; पुन्हा भोंगा वाजला तेव्हा आणखी डावीकडे घेतले. “आता याच्या डावीकडं नुसता ओढा हाय मालक,” असे तो म्हणतो तोच मोटार रस्त्याची आपली बाजू सोडून सरळ आमच्या बाजूला आली. दमणीचे एक चाक मोडले, मडगार्ड हरण्याच्या मांडीला घासले आणि मी ओढ्यात पडलो. ओढा कोरडा होता, त्यामुळे धोतर भिजले नाही, फाटले. मोटार चालवणाऱ्याचे नाव पंडित. त्याने खाली उतरून आधी मोटारीचा दिवा पुसला, मग आश्रुबाला विचारले, “कावून आडवा आलास बे?” आश्रुबा म्हणाला, “आमी उभं हावं. आलास तू.”

आता पंडित आमच्या बाजूला कशासाठी आला, हे मला नंतर कळले, पण येथेच लिहितो. त्या रस्त्याला दोन्ही अंगांना लिंबाची झाडे आहेत. सकाळी एका बाजूला सावली असते, दुपारी दुसऱ्या बाजूला. भगवानरावांना ऊन सोसत नाही, म्हणून पंडित वर्षभर सावलीतूनच मोटार नेतो. त्या दिवशी भगवानराव मोटारीत नव्हते. पण हाताला वळण पडलेले. सावली आमच्या बाजूला होती आणि सावलीत आम्ही होतो.

लोक जमले आणि आम्हा सर्वांना ठाण्यात नेले. (ठाण्याचे नाव लिहीत नाही. तेथील अमीनसाहेब, म्हणजे ठाण्याचे मुख्य, भले गृहस्थ आहेत आणि पत्र कोणाच्या हाती पडेल सांगता येत नाही.) पंडितचा जबाब दीड ओळीचा झाला: बैल आडवा आला, साहेब. माझा जबाब अकरा पाने झाला. मामा, आपण मला घाईची सवय लागू दिली नाहीत, त्याप्रमाणे मी सर्व सांगितले. आम्ही कोठे पाणी प्यालो. हरण्याने त्या वेळी मान कोणीकडे वळवली होती (रुचकीच्या झुडपाकडे, पण क्षणभरच). माझी टोपी कशी होती. चौथ्या पानापर्यंत साहेबांचा डोळा लागला. नवव्या पानावर मी हरण्याच्या मांडीला मोटारीचा हिरवा रंग लागला आहे असे सांगितले, आणि साहेब एकदम सावध झाले. “म्हणजे पुरावा बैलाच्या अंगावर आहे,” असे म्हणून त्यांनी हरण्याला मुद्देमाल म्हणून जप्त केले.

मी ताबडतोब दाखवून दिले की हरण्याचे केसही मडगार्डला चिकटले आहेत, तेव्हा मोटारही पुरावाच आहे. साहेबांना ते पटले. त्यांनी मोटारही जप्त केली. परंतु ठाण्यात मोटार चालवता येणारा कोणी नव्हता. चार शिपायांनी ती ढकलून पिंपळाखाली नेली, तेथून ती उताराने आपोआप चावडीकडे निघाली, आणि तिची जोखीम कोणी घ्यावी असा प्रश्न उभा राहिला. शेवटी मोटार चालवणारा जाणता माणूस म्हणून पंडितच्याच ताब्यात मोटार दिली. पंडित ती घेऊन जेवायला घरी गेला. हरण्या मात्र आपल्या पायांनी चालतो, त्यामुळे त्याच्या बाबतीत काही अडचण आली नाही. त्याला कोंडवाड्यात नेले.

चांद्यावर कसलाही आरोप नव्हता. त्याला सोडले होते. पण जोडीदार आत म्हटल्यावर तो कोंडवाड्याच्या फाटकाशी जो बसला तो उठेना. कोंडवाड्याचा रखवालदार म्हाळू रोज मला विचारी, “याला वैरण कोणाच्या नावानं घालू? याचं नाव न्हाई दफ्तरात.” मग माझ्याकडे पाहून म्हणे, “तुमचंबी न्हाई.” (मीही फाटकाशीच राहत होतो. हरण्याला सांभाळ असा आपला शब्द होता.) आश्रुबा चाक घेऊन सुताराकडे गेला. हरण्याला धुवायचे नाही, रंग जाईल, असा साहेबांचा हुकूम होता. आपल्याकडे त्याला रोज आंघोळ घातली जाते. (मामी म्हणत, मालकांना एक दिवसाआड, बैलाला रोज.) तो आठ दिवस पारोसा राहिला. मी लिंबाची डहाळी घेऊन माशा वारत बसे, तीही रंगाला लागणार नाही अशी धरून.

नवव्या दिवशी साहेबांनी ठरवले की झाले ते जागेवर पुन्हा करून पाहावे. तीच वेळ, तोच रस्ता. दमणी मोडलेली असल्याने तिच्या जागी मला उभे केले. हरण्याला शेजारी धरले. पंडितला ताकीद दिली होती की हाताखाली जसे नेहमी येते तसे चालव, पण जपून. साहेब स्वतः त्याच्या शेजारी बसले. त्या दिवशी मोटारीचा टप उघडा होता आणि वैशाखाचे ऊन. मोटार जवळ येऊ लागली तेव्हा साहेबांचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला: “अरे पंडित, जरा सावलीतून घे की.” पंडितने घेतली. हरण्या मागे सरला, मी ओढ्यात गेलो. धोतर दुसरे होते, हे सांगण्याजोगे समाधान.

साहेब मोटारीतून खाली उतरले. मग त्यांनी झाडांकडे पाहिले, सूर्याकडे पाहिले, आणि पंचनाम्यात लिहवून घेतले की मोटारीची चूक नाही, बैलाची चूक नाही, झाडांनी सावली चुकीच्या बाजूला टाकल्यामुळे प्रकार घडला. झाडांना बोलावता येत नाही, सबब काम बंद. मी विचारले की झाडे दोन्ही बाजूंना आहेत, हे लिहू का? साहेब म्हणाले, “तू काही लिहू नको.”

एवढे झाल्यावर हरण्या सुटायला हवा होता. पण मुद्देमाल मालकाच्या घरच्या माणसाच्याच हाती द्यायचा असतो, आणि भाचा घरचा धरावा की पाहुणा, यावर साहेबांचे मत पडेना. इतक्यात मामी आल्या. दमणी येईना म्हणून त्यांनी भावाची गाडी जुंपून वाट धरली होती. ठाण्यात येऊन त्या साहेबांना म्हणाल्या, “मारलं कोणी, बांधलं कोणाला, हे मी इचारत न्हाई. माझा बैल आठ दिस पारोसा कावून हाय, तेवढं सांगा.” साहेबांनी शाई पुढे सरकवली. मामींनी जामीनपत्रावर अंगठा केला, हरण्याचे दावे स्वतः सोडले आणि विहिरीवर नेऊन त्याला धुतले. चांद्या आपणहून मागे गेला. सुताराने चाकही बसवून दिले आहे.

तेव्हा मामा, हरण्या सुटला. आपली काळजी मिटली. माझ्या हातून काही उणे राहिले असल्यास लहान समजून पोटात घालावे. कंबरेला जपावे.

आपला भाचा,
बबन

ता. क. हरण्या सुटला असे वर लिहिले, तो सुटून कोठे गेला हे राहिले. दोन्ही बैल, दमणी, आश्रुबा आणि मी धर्मापुरीला मामींच्या भावाकडे आहोत. जामीनपत्रात ‘बैल मुक्ताबाईंच्या ताब्यात राहील’ (म्हणजे मामींच्या) असे आहे. मी ते दोनदा वाचून पाहिले. अक्षर स्वच्छ आहे.

ता. क. दुसरा. मामींना मी आपल्या वतीने निघण्याबद्दल विचारले. त्या म्हणाल्या, “आधी भाचा धाडला, उद्या कार्ड धाडतील.” आपण स्वतः यावे, आणि बैल मागण्याआधी मामींना ‘चला’ असे तोंडाने म्हणावे, एवढेच त्यांचे म्हणणे आहे. एकटे बैल मिळणार नाहीत. हे पत्र मी मामींना वाचून दाखवले. आंघोळीचे वाक्य खोडू का, असे विचारले. राहू दे म्हणाल्या.

ता. क. तिसरा. घरी दमणी नाही तेव्हा यावे कसे, ही अडचण भगवानरावांनी दूर केली आहे. आपण कळवाल त्या दिवशी पंडित मोटार घेऊन येईल.

ता. क. चौथा, आणि याच्यासाठीच पत्र लिहायला बसलो होतो. मृगाला पंधरा दिवस राहिले. मामींच्या भावाने काल हरण्याला आणि चांद्याला स्वतःच्या पेरणीच्या तिफणीला जुंपून पाहिले. दोघेही चांगले चालतात.