घडी मोडलेली इरकल

सांगली,
रविवार, ८ डिसेंबर २०२४

चि. सम्मेद,

जय जिनेंद्र आणि अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. बाबांचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण दुकान सुटत नाही.

तू पाठवलेलं प्रदर्शनाचं पुस्तक मिळालं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कलावंतांचं काम असं एकत्र मी पहिल्यांदाच पाहिलं. एकाने नांगराच्या जुन्या फाळांतून पक्षी उभे केलेत, एकीने लाकडी ठशातून आजीचा चेहरा छापलाय. सावकाश पानं उलटत होते. एकेचाळिसाव्या पानावर माझी हिरवी इरकल दिसली.

तुझ्या लॉरेटाने त्या साडीची वाकळ केली आहे. मध्ये पदर, भोवती तिच्या वडिलांच्या कामावरच्या शर्टांचे तुकडे. आमच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर उसवून उसवून शिकवायच्या, तसला सरळ धावदोरा. पदरावरचा चहाचा डागसुद्धा तिने कापला नाही, मधोमध ठेवला. खाली लिहिलंय, ‘सासूबाईंनी लग्नात स्वतःच्या अंगावरची साडी दिली. माझ्या माहेरी वापरलेलं कापड फक्त आपल्या माणसाला देतात.’

आटपाडीची गोदावरी वाकळा शिवायला आली होती. फोटोवर बोट फिरवत म्हणाली, “आक्का, सूनबाईचा हात लय सरळ हाय. आन् इतक्या वर्सांत आमाला एकदा बी दावली न्हाई?”

मी चहा टाकायला आत गेले.

सम्मेद, ती साडी मी प्रेमाने दिली नव्हती. सुनेसाठी घेतलेली नवी साडी कपाटात होती. ती तिथेच ठेवून मुद्दाम घडी मोडलेली, डागाची पाठवली. नव्या नवरीला जुनेर देण्याचा अर्थ तुला कळत होता. सहा वर्षं तू तो तिला कळू दिला नाहीस. मला वाटायचं, तुझ्या लक्षातच आलं नसेल.

आताही सांगू नकोस. ती इथे आली की मीच सांगेन, समोर बसून, माझ्या कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत. मग ती काय म्हणेल ते ऐकून घेईन.

काल पुस्तक मंदिरात नेलं होतं. दर्शनाला येणाऱ्या प्रत्येकीला ते पान दाखवलं. “हे माझ्या सुनेचं काम,” म्हणाले. सून हा शब्द तिच्यासाठी माझ्या तोंडून पहिल्यांदा निघाला, आणि मग दिवसभर थांबेना.

गोदावरीबरोबर एक वाकळ शिवायला घेतली आहे. मधली जागा मोकळी ठेवलीय. दोघं याल तेव्हा लॉरेटाचा एखादा कपडा आणा. नवा नको. धुऊन धुऊन विरलेला.

लॉरेटाची सासू
आणि तुझी आई