छायाच्या बायोडाट्यातले भ्रामक शब्द

३ नोव्हेंबर २०२५
आत्याने छायासाठी लिहिलेला बायोडाटा तपासला. मी शाळेत मराठी शिकवतो. घरचा कागद तसाच कसा सोडू? एकही वाक्य खोटं नाही, पण बरंच भ्रामक. खोटं नसूनही माणसाला खोट्यापाशी नेतं, ते भ्रामक. 'गृहकृत्यदक्ष' लाल पेनाने काढलं. मंगळवारी वरण खारट होतं. 'वय ३८'पुढे 'पूर्ण' जोडलं. बहीण म्हणून सूट नाही.

९ नोव्हेंबर, दुपार
साजगावच्या कारखान्यातला सुपरवायझर बघायला आला. त्याच्या आईने पोह्यांचं कौतुक केलं. पोहे शेजारच्या ललिताने केलेत, छायाने फक्त लिंबू पिळलं, हे सांगणं भाग होतं. मंडळी चहा न घेता उठली. छाया बश्या धूत राहिली. खरं पचायला वेळ लागतो.

१७ नोव्हेंबर
शिळफाट्याचा दत्ता. हार्डवेअरचं दुकान, विधुर. त्याला छाया पसंत आहे. सकाळभर मन खात होतं. मधल्या सुट्टीत फोन करून सांगितलं, दहा वर्षांपूर्वी तिचं ठरलेलं मोडलं होतं. कुणामुळे, ते सांगितलं नाही. तेव्हाही फोन मीच केला होता, पण त्याचा इथे संबंध नाही.

१८ नोव्हेंबर
छाया म्हणे तेव्हा दत्ताच्या दुकानातच होती. फोन स्पीकरवर. भाकरी वाढताना म्हणाली, "दादा, तू एक शब्द खोटा नाय बोललास. पण तू सांगतोस तशी मी हाय का रं?"
तपशील मागितले. तिने आणखी एक भाकरी वाढली.

२० नोव्हेंबर
आत्या म्हणाली, छाया गेली तर भाकऱ्या कोण थापणार, याची म्हणे मला धास्ती आहे. स्वतःला तीनदा प्रामाणिकपणे विचारलं. तिन्ही वेळा उत्तर आलं, 'नाही'.
डब्यात भरली वांगी. छायासारखी कुणाला जमत नाहीत.

२ डिसेंबर
छाया आत्याकडे राहायला गेली. आठवड्यात येईल. तोवर स्वयंपाक शिकायचा.

३ डिसेंबर
वरण केलं. खारट. मीठच वेगळं असावं.

१४ डिसेंबर
ललिताने पत्रिका आणून दिली. छाया आणि दत्ता. निमंत्रकांत आत्या, ललिता, 'छायामावशीच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारा ललिताचा चार वर्षांचा नातूसुद्धा. माझं नाव दोनदा शोधलं. छपाईत सुटतं कधी कधी. ललिता म्हणाली, प्रूफ छायाताईनेच तपासून दिलंय.
पाकिटावर मात्र नाव आहे: श्री. मालोजी सर, सहकुटुंब.
शेवटच्या शब्दाखाली लाल रेघ मारली. बाजूला लिहिलं: भ्रामक.