उघडण्यास हरकत नाही

मंगळवार, ४ मार्च
खाणीच्या गाळाचा बंधारा फुटून नदी राखाडी झाली, त्याला आज दोन आठवडे. तेव्हापासून नदीचा पंप बंद, नळाला विहिरींचं पाणी. आज आमच्या पाणीपुरवठा ऑफिसची जाहीर सभा, आणि इतिवृत्त लिहायला अर्थातच मी! खाणीचे इंजिनिअर म्हणाले, "बंधारा फुटला नाही, गाळ थोडा सरकला." मागून लॉन्ड्रीवाल्या मावशी — "मग माझ्या चादरींवर तो सरकतच आला का?" सगळे हसले. मीही हसले, पण मान खाली घालून.

चौथा विषय — नदीच्या पंपाचा व्हॉल्व्ह पुन्हा उघडायचा का? त्यावर इतकी जुंपली की निर्णय राहूनच गेला.

बुधवार, ५ मार्च
चौदा पानं टाइप केली. साहेब म्हणाले, "एवढं वाचणार कोण? एका पानात बसवा." बसवलं. माझ्याइतकं आटोपशीर आमच्या ऑफिसात कुणी लिहीत नाही. हे मीच लिहून ठेवते, दुसरं कोण म्हणणार!

शुक्रवार, ७ मार्च
मेले!

मावशी ऑफिसात आल्या, हातात फलकावरून ओढून काढलेला माझाच कागद. "अगं, आम्ही हो कधी म्हणालो?" विषय चार, नदीचा व्हॉल्व्ह: उघडण्यास कुणाचीही हरकत नाही. सोमवारी उघडणार.

वही काढून पाहिली. भांडण ऐन रंगात असताना सभागृहात जीव उकडून निघत होता. साहेबांनी विचारलं, "उघडू का?" सगळे एका सुरात, "हरकत नाही." खिडकी! ती खिडकी होती! लोक ध चा मा करतात, मी खिडकीचा व्हॉल्व्ह केला.

मावशींना खरं ते सांगितलं. वाटलं, हसतील. "माझी नात सहा महिन्यांची आहे," एवढंच म्हणाल्या. फार लाज वाटली.

शनिवार, ८ मार्च
साहेबांकडे गेले. ते म्हणतात, झालं ते बरंच झालं, खाणवाले खूश आहेत. "दुरुस्ती केलीत तर चूक तुमच्या नावावर लागेल. बढती तोंडावर आलीय, बघा बुवा." पाणी कुठं मुरतंय ते कळलं. बढती मला हवी होती, खोटं कशाला लिहू? चहा गार होईपर्यंत विचार केला. मग टाइप केलं: सदर हरकत नसणे खिडकीपुरतेच होते, व्हॉल्व्ह उघडू नये.

खाली साहेबांची सही लागते. साहेबांना पेन सापडेना. मावशी बावीस माणसं घेऊन जिन्यात येऊन बसल्या, तेव्हा खिशातच सापडलं.

रविवार, ९ मार्च
बढती गेली. दुपारी दोन तास गाढ झोपले.

सोमवार, १० मार्च
टपालावर भरवसा नको म्हणून सकाळी सहालाच पंपघरावर गेले, कागद व्हॉल्व्हवाल्या काकांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला.

"उघडू नका म्हणताय. पण ताई, तो उघडाच आहे. बंद करा असा कागद मला आलाच नाही. कागदाशिवाय मी हात लावत नाही."

घरी आले. सासूबाई पिण्याचं पाणी भरत होत्या. मी नळ बंद केला.