ट्रेगिअरची सुबक अक्षरं

३ ऑक्टोबर १८६३, मेनिन्डी

पोचलो एकदाचा. आगबोटीने नको जीव केला, पण डार्लिंग नदीवर उतरलो तेव्हा ऊन कोवळं होतं, काठावर पांढऱ्या काकाकुव्यांचा गोंधळ चालला होता आणि खानावळीत मटणाचा रस्सा गरम होता. पोट भरल्यावर मला जग बरं वाटतं. आज फारच बरं वाटलं.

मोहिमेतली माणसं पाहिली आणि ते बरं वाटणं जरा ओसरलं. म्होरक्या कॅप्टन ऑगस्टस फॅरंट. हा गृहस्थ या खंडाच्या मधून उत्तर किनारा गाठणार आहे आणि सोबत न्हाणीचा पत्र्याचा टब नेणार आहे. निघायचं होतं थंडीत, पण निरोपाच्या मेजवान्या संपता संपेनात म्हणून आता ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर निघतो आहे. आज तो उंटावर बसून मिशा पिळत गावभर मिरवला. उंटावरचा शहाणा कशाला म्हणतात ते मला डोळ्यांनी बघायला मिळालं.

बाकी चौघे. डॉक्टर हासेलबाख हा जर्मन, दिवसभर किडे टाचण्यांना टोचतो. डेनिस मॅगेरी हा आयरिश स्वयंपाकी, त्याला चहासुद्धा धड जमत नाही. मीर दाद हा पेशावरकडचा उंटवाला, सहा उंट त्याच्या ताब्यात. आणि एक वाटाड्या, इथल्याच नदीकाठचा काळा माणूस. कॅप्टन त्याला बिली म्हणतो. खरं नाव कुणी विचारलं नाही. मीही नाही.

आणि मी, सायलस ट्रेगिअर, थडग्यांचे दगड कोरणारा. ॲडलेडमध्ये ज्यांना मरायचं होतं आणि ज्यांची ऐपत होती, ते सगळे माझ्या अक्षरांखाली झोपलेत. प्रत्येक मुक्कामाला झाडावर खूण कोरायची हे माझं काम. शंभर वर्षांनी लोकांनी ती वाचावी अशी कॅप्टनची हौस आहे, म्हणून त्याने सुतार न घेता मला घेतलं. त्याच्या आयुष्यातला हा एकमेव शहाणपणाचा निर्णय असावा.

१२ ऑक्टोबर, मुक्काम ५

वाटेत कुण्या जुन्या मोहिमेची खूण दिसली. कोंबडीने उकरावं तशी अक्षरं. माणूस मेला तरी चालेल, पण असं काम मागे ठेवून मरू नये.

मी कुऱ्हाडीने हातभर साल काढतो, आतलं लाकूड तासून गुळगुळीत करतो आणि मग छिन्नी लावतो. वर फॅरंटचा एफ, खाली मुक्कामाचा आकडा, त्याखाली तारीख. डॉक्टर जवळ उभा राहून माना डोलावतो. त्याला यातलं ओ की ठो कळत नाही, पण कौतुक खोटं नसतं.

आज रात्रीच्या जेवणाआधी कॅप्टनने जाहीर केलं की अठरा मुक्कामांनंतर पुढच्या प्रत्येक मुक्कामाला आपल्यातल्या एकेका माणसाचं पूर्ण नाव द्यायचं. मॅगेरीच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणे त्याच्या घराण्याचं नाव कुठेच लिहिलेलं नाही. मीर दादने मात्र हात जोडले. म्हणाला, "साहेब, नाव आईने ठेवलंय, माझ्याजवळच राहू दे. झाडाला काय करायचंय ते?" कॅप्टनने वाटाड्याला विचारलं, बिली कोरू का? तो हसला. म्हणाला, "कोरा की. बिलीचं काय व्हायचं ते होऊ दे, मला काय त्याचं?"

मग तो माझ्याकडे येऊन बसला आणि विचारू लागला, की आमच्या गावात माणूस आधी पुरतात की नाव आधी कोरतात. मी म्हटलं, अर्थातच आधी पुरतात. तो म्हणाला की त्याच्या आईचे लोक पूर्वेकडच्या नद्यांवरचे, मानाचा माणूस गेला की तेही त्याच्या मातीजवळचं झाड कोरतात, आणि त्या झाडाखाली मग कुणी बसत नाही. "आमच्यात माणूस आधी जातो, मिस्त्री. तुमचं उलटंच चाललंय." मिस्त्री हा शब्द त्याने मीर दादकडून उचललाय. आयुष्यभर हेच काम केलेल्या माणसाला हा शिकवणार.

२९ ऑक्टोबर, मुक्काम १८

मोठा डोह लागला. बदकं, मासे, काठावर कुलिबाच्या झाडांची दाट सावली. इथे माणूस वर्षभर राहील. कॅप्टनने डोहाच्या काठावर टब मांडला, डोहाचं पाणी बादलीने टबात भरवलं आणि त्यात बसून अंघोळ केली. मी मुद्दाम लिहून ठेवतोय, नाहीतर पुढे कुणी विश्वास ठेवणार नाही.

वाटाड्या म्हणतो, इथून पुढचा मुलूख त्याचा नाही, तिथलं पाणी त्याला ठाऊक नाही, उन्हाळा इथेच काढा. कॅप्टनने त्याला भित्रा म्हटलं. आपला भित्रेपणा लपवायचा असला की कॅप्टन दुसऱ्याला भित्रा म्हणतो.

१ नोव्हेंबर, मुक्काम १९

पहिलं नाव कोरलं. डेनिस मॅगेरी. अक्षरं फारच सुरेख उतरली. मॅगेरी चारदा येऊन त्यांवरून बोट फिरवून गेला. आजचे रोट त्याने त्या नादात जाळले.

५ नोव्हेंबर, मुक्काम २०

मॅगेरी मेला.

काल सकाळी तो लाकडं आणायला म्हणून गेला आणि परतला नाही. वाटाड्या माग काढत गेला, मागोमाग मी आणि मीर दाद. माग सरळ मागे जात होता, बारा मैल, कुठे भरकटणं नाही, कुठे थांबणं नाही. एकोणीसच्या झाडाखाली तो खोडाला पाठ टेकून बसला होता, नाव बरोबर डोक्यावर. चेहरा शांत. शेजारी पाण्याची पखाल काठोकाठ भरलेली, तिला त्याने तोंडही लावलं नव्हतं. भरलं पाणी जवळ असताना तहानेने मरणारा माणूस मॅगेरीच असू शकतो.

तिथेच पुरला. दगड शोधायची गरज पडली नाही, हे मी गमतीने म्हटलं. दोघांपैकी कुणी हसलं नाही.

परत आलो तोवर डॉक्टर आपलं नाव कधी कोरणार म्हणून वाट बघत बसला होता. संध्याकाळच्या आत कोरून दिलं. ओटो हासेलबाख. खूश झाला, अक्षरं कागदावर उतरवून घेतली.

९ नोव्हेंबर, मुक्काम २१

डॉक्टरही गेला. विसाच्या झाडाखाली, तसाच. मांडीवर किड्यांची पेटी, पखाल भरलेली.

मीर दाद आणि वाटाड्या परत फिरताहेत. कॅप्टनने बंदूक दाखवली. मीर दादने ती हाताने बाजूला सारली, दोन उंट आमच्यासाठी सोडले आणि चार घेतले. ते दोघे अठराच्या डोहावर पंचवीस तारखेपर्यंत थांबणार आहेत, मग मेनिन्डीला. मीर दाद मला म्हणाला, "मिस्त्री, चल. हत्यारं टाक इथंच आणि चल. याच्या नादी लागून मरशील." वाटाड्या म्हणाला की वाटेत कुठल्याही कोरलेल्या झाडाला टेकू नकोस, बसू तर नकोसच, ऊन असलं तरी.

उंटवाल्याच्या हुकमाने माघारी जायचं? मी थडगी कोरतो, भुतांना भीत नाही. शिवाय कॅप्टनने शब्द दिला आहे की पुढे जो मोठा डोंगर लागेल त्याला माझं नाव देणार. कॅप्टन मूर्ख आहे, पण डोंगर डोंगरच असतो.

त्यांना जाताना बघत राहिलो. बराच वेळ दिसत होते.

१२ नोव्हेंबर, अजून मुक्काम २१

कॅप्टनला हा मुक्काम स्वतःच्या नावाचा हवा आहे. साल काढून दिली, लाकूड तासलं, छिन्नी हातात घेतली, आणि ठेवून दिली. म्हटलं मनगट दुखतंय. तो मला आळशी, कृतघ्न, कॉर्नवॉलचा उंदीर वगैरे म्हणाला. म्हणू दे.

मी भ्यालो, हे इथे लिहितो. दुसरं कुणी वाचणार नाही.

१५ नोव्हेंबर, मुक्काम २२

आज दुपारी इथे आलो. आमच्याआधी इथे कुणीच आलेलं नाही, नकाशा कोरा आहे. सुकलेल्या ओढ्यात एकच मोठं झाड. त्यावर साल काढलेली. त्यात नाव. ऑगस्टस फॅरंट.

अक्षरं माझी आहेत. माझा आर मी ओळखतो, त्याचा पाय मी जरा लांब सोडतो, दुसरं कुणी सोडत नाही. पण कडेची साल वळून आत आली आहे, चार बोटं जाड. एवढी साल भरायला वीस वर्षं लागतात. वीस वर्षांपूर्वी मी कॉर्नवॉलमध्ये होतो.

कॅप्टनला काही कळलं नाही. मी गुपचूप पुढे येऊन कोरून गेलो असं तो समजला. माझी पाठ थोपटली. झाडाखाली बसला. म्हणाला, सावली छान आहे.

१६ नोव्हेंबर

उठत नाही. हाताला धरून ओढलं. हसतो. पाणी दिलं तर घेत नाही, म्हणतो, "मग पितो, मिस्टर ट्रेगिअर, घाई काय आहे?" मी त्याला शिव्या दिल्या, टबावरून टोमणे मारले. या माणसाला अपमान कधीच सोसला नाही. आज हसतोय.

उंट रात्रीतून दोर तोडून पळाले.

१७ नोव्हेंबर

संपला. दुपारी.

पुरला नाही. त्या झाडाजवळ खणणार नाही. एक पखाल, थोडा रोट, हत्यारं. हत्यारं टाकायला हवीत. बापाची छिन्नी आहे. पन्नास मैल. पंचवीस तारखेच्या आत डोह गाठला तर जगलो.

१९ नोव्हेंबर

एकवीसचं झाड ओलांडलं. मी तासलेला कोरा तुकडा अजून कोरा आहे, दुरून पाहिलं. लांबून वळसा घालून गेलो. पाय सोलले आहेत. पाणी जपून.

मीर दादला मी उंटवाला म्हणून हिणवलं. आज तो असता तर —

२० नोव्हेंबर

विसाचं झाड. मान खाली घालून गेलो. सावली वाटेवर आडवी पडली होती, ती टाळायला काट्यांतून गेलो.

टाळली.

२१ नोव्हेंबर, सकाळ

एकोणीस. न बघता जायचं ठरवलं होतं. बघितलं. मॅगेरीचं नाव नाही. साल मिटली आहे, तीन आठवड्यांत, खोड सपाट. जसं काही तिथे कधी कोरलंच नव्हतं. आणि खाली माती खचलेली.

थांबलो नाही. पळालो. सायलस ट्रेगिअर पळतो आहे, डोह आता बाराच मैल, अकरा —

२२ नोव्हेंबर, सकाळ

धूर दिसतो. डोहावरचा धूर. रडलो. दोघे थांबले आहेत. मी त्यांची माफी मागेन, उंटवाल्याची आणि वाटाड्याचीही. त्याचं खरं नाव विचारेन.

नको. विचारणार नाही.

त्याच दिवशी, दुपार

वाटेत एक झाड आहे. इथे आपला मुक्काम नव्हता. एकटं, डोहाच्या अलीकडे, मैलही नसेल. साल नुकती काढलेली, चीक अजून ओला.

माझं नाव.

पळून जायला हवं. जातो. एवढं लिहून जातो.

पण अक्षरं — कसली गचाळ अक्षरं. एस कलंडलेला. एल तर ठोकून बसवल्यासारखा, थरथरत्या हाताचा. खोली सारखी नाही. हे माझं नाव, आणि असं? मीर दाद इथून जाईल, बघेल. म्हणेल, मिस्त्रीचं काम. कोंबडीने उकरावं तसं.

नाही. असं मागे ठेवून जाणार नाही.

फक्त एस सरळ करतो. उभ्यानेच करतो, बसणार नाही.

एस झाला. एल झाला. वाटाड्या दिसतो आहे, धुराजवळ, हात हलवतोय, ओरडतोय काहीतरी. मीर दादही धावत येतोय वाटतं. येतो म्हणावं. जरा बसून केलं तर खालची ओळ नीट येईल. आडनावाची शेवटची दोनच अक्षरं राहिलीत, आर मी चांगला काढतो, त्याचा पाय जरा लांब —