कापडाची पृथ्वी

१४ सप्टेंबर

प्रिय आत्या,

नमस्कार. तुझी पाठ कशी आहे? मशीनवर तासन्‌तास वाकून बसू नकोस, असं तुला सांगून उपयोग नाही, तरी सांगते. आम्ही सगळे बरे आहोत.

तू शिवलेला नकाशा वर्गात लावला. मुलांचे हात त्यावरून निघतच नाहीत. अकरा वर्षं मी या अंध मुलांना हवामानाचे पट्टे शिकवतेय, पण ती नुसती पोपटपंची. तू मात्र मी नकाशाचं बोलले त्या पहिल्याच दिवशी म्हणालीस, "तिथे उभं राहिलं की अंगाला कसं वाटतं तेवढं सांग, कापड मी शोधते." विषुववृत्तावरच्या दाट जंगलाला जाड टॉवेल, वाळवंटाला गोणपाट, समशीतोष्ण पट्ट्याला मऊ फ्लॅनेल आणि ध्रुवांना हाताला गार लागणारं सॅटिन! शिवाय "उंच डोंगरावर कसं गं?" हेही तूच विचारलंस. मी साफ विसरले होते. भर विषुववृत्तावर तू सॅटिनचा उंचवटा शिवलास. सातवी शिकलेली माझी आत्या! मला तुझा इतका अभिमान वाटला.

वर्गातल्या सगळ्यांत धाकट्या मुलीने नकाशाच्या मधोमध दोन्ही हात ठेवले. एक वर सरकवला, एक खाली. मग ओरडलीच, "बाई, दोन्हीकडे तेच! टॉवेल, गोणपाट, मऊ, गार!" ऊन मध्ये सरळ पडतं आणि दोन्ही टोकांना तिरपं, म्हणून दोन्हीकडे पट्टे सारखेच; हे मी सांगायच्या आधी तिच्या हातांनीच ताडलं. माझे डोळे भरून आले.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. परवा शाळा तपासायला पाहुणे आले होते. नकाशा कोणी केला, असं त्यांनी विचारलं आणि मी "मी" म्हणाले. उचलली जीभ लावली टाळ्याला. इतर शाळांसाठीही असे नकाशे करायचे, माझ्या नावाने, असं ते म्हणाले. तरी मी गप्पच. आयत्या बिळावर नागोबा तो मीच.

ते गेल्यावर तीच धाकटी जवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, हे टाके तुमचे नाहीत. तुम्ही लावलेलं माझं बटण दोनदा तुटलं."

"मग कोणाचे गं?"

"कोणीतरी अजिबात घाई न करणाऱ्याचे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथल्या तिथे वर्गाला खरं सांगितलं. आज मुख्याध्यापिकांना लेखी दिलं, पाहुण्यांनाही कळवलं. त्यांना काय म्हणायचं ते म्हणोत. तुझी माफी मात्र पत्रातून मागून भागणार नाही, हे मला कळतं.

मंगळवारी शाळेत येशील? माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. मुलांना तुझे हात बघायचेत.

तुझ्या हातांचं श्रेय चोरलेली,
तुझी भाची