उलटा भरलेला चर

मी अ‍ॅब्नर पेक, वय एकोणपन्नास, राहणार हॅसलफेन, केंब्रिजच्या खालच्या अंगाला, लिहून ठेवतो की माझी छाती बिघडली आहे, डोके नाही. ते बिघडवण्याचे काम गावाने सत्तावीस वर्षे नेटाने केले, पण देवाच्या कृपेने ते अजून जागेवर आहे. हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही सांगण्यावाचून लिहीत आहे. यापूर्वी असे काही लिहिलेले नाही.

१. घर, भांडी, बचत आणि माझी बायको हॅना हिचे घड्याळ माझी मुलगी टॅबिथा हिला. घड्याळ दहा मिनिटे पुढे आहे. मला प्रार्थनेला उशीर होतो म्हणून हॅनाने ते मुद्दाम तसे ठेवले होते. जावयाने ते दुरुस्त करू नये. त्याने दुरुस्त केलेला पंप मी रोज पाहतो.

२. कुदळ आणि दोन फावडी प्रार्थनामंदिराच्या कबरी खणणाऱ्याला. माझी कबर तरी काटकोनात यावी.

३. शेतातला मोठा गोल खळगा बुजवू नये. तिथे घोडा गोल फिरायचा आणि आम्ही जमिनीतून काढलेले काळे खडे धुवायचो. ते दळून खत व्हायचे, आणि भलत्यांची शेते पिकायची. पाद्रीसाहेबांच्या मते तो रोमन किल्ला आहे. मी म्हणालो, "साहेब, तो घोडा मी स्वतः हाकलाय. कॅप्टन नाव होतं त्याचं." ते म्हणाले, "पेक, तुम्हाला इतिहासाची दृष्टी नाही." आणि त्यांनी तिथे पाटी ठोकली. मला पुरल्याच्या दुसऱ्या दिवशी ती काढून कोंबड्यांच्या खुराड्याला लावावी. फळी चांगली आहे.

४. आता शेताच्या पूर्वेचा पट्टा. नव्वद पावले लांब, आठ पावले रुंद. हिवाळ्यात त्यात पाणी साचते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. गहू गुडघ्याएवढाही होत नाही. ज्या जमिनीतून खत निघाले, तिलाच खत लागू पडत नाही. गाव त्याला 'एलायजाचा पट्टा' म्हणते आणि हसते. एलायजा फ्लॅक हा माझा मेहुणा, हॅनाचा धाकटा भाऊ. त्याने चर उलटा भरला, असे सगळे समजतात.

खरे ते लिहितो. खड्यांसाठी चर खणताना वरची काळी माती एका बाजूला टाकायची, खालची निळी चिकणमाती दुसऱ्या. भरताना आधी निळी, मग काळी. १८८४च्या ऑक्टोबरात शेवटचा चर भरायचा राहिला होता. मुकादम मी. शनिवार होता, सोमवारी माझे लग्न होते, आणि निळी माती भिजून फावड्याला चिकटत होती. मी म्हणालो, "हाताला लागेल ती आधी ढकला." एलायजा हातगाडी घेऊन थांबला.

"अहो होणारे दाजी, उलटं होतंय."

"तू गाडी ढकल."

त्याने ढकलली. पुढच्या वर्षी पीक बसले तेव्हा जमीनमालकाच्या कारभाऱ्याने विचारले, हे कोणाचे काम? गाडी एलायजाची होती. मी टोपीकडे बघत राहिलो. बहिणीचा संसार मोडू नये म्हणून तो गप्प राहिला. कारभाऱ्याने त्याला देऊ केलेले हे शेत मला कसायला मिळाले, पुढे मी ते विकतही घेतले. तो आजही दुसऱ्यांच्या बांधावर राबतो. दर रविवारी क्षमेच्या प्रार्थनेला माझा आवाज आपोआप खाली जातो.

हॅना गेल्यापासून मी सगळ्यांसमोर कबूल करू पाहतो, तर हा माणूस करू देत नाही. ईस्टरलाच म्हणालो, "एलायजा, त्या चराचं मी सांगून टाकणार."

"दाजी, यंदा कांद्याला कीड आहे."

"मी चराचं बोलतोय!"

"मी कांद्याचं. राख टाका."

५. म्हणून पट्ट्यासह सगळे शेत एलायजा फ्लॅक याला. चौथे कलम प्रार्थनामंदिरात मोठ्याने वाचावे, आणि त्या पट्ट्याला यापुढे माझे नाव लावावे.

सही: अ‍ॅब्नर पेक
साक्षीदार: जॉब रँडल, लोहार
एलायजा फ्लॅक, शेतमजूर
हॅसलफेन, ४ सप्टेंबर १९११

पुरवणी

वरची दुसरी साक्ष प्रार्थनामंदिराच्या सायमन टॅरंटची व्हायची होती. त्याला उशीर झाला. एलायजा कांदे द्यायला म्हणून आला आणि सायमनच्या खुर्चीत बसला. मी सही केली, जॉबने केली, आणि मी चष्मा पुसतो आहे तोवर याने लेखणी उचलून आपले नाव घातले. साक्षीदाराला मृत्युपत्रातले काही मिळत नाही, हे गिरणीवाल्याच्या पुतण्याने साक्ष घालून वारशाची घोडी गमावली तेव्हापासून गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

"हे काय केलंस, शहाण्या?"

"साक्ष घातली."

"शेत गेलं की तुझं!"

"म्हणूनच घातली. हॅनासाठी शिव्या खाल्ल्या मी, दाजी. आता शेत घेतलं तर लोक म्हणतील, गप्प बसायचा मोबदला घेतला."

मी टोपी उचलली. संताप भरपूर होता. वकिलाकडे जाऊन विचारले. तो म्हणाला, ज्यांना काही मिळायचे नाही अशा दोघांसमोर पुरवणी करा, म्हणजे भागेल.

तर पुन्हा लिहितो: वरचे सर्व कायम, आणि शेत एलायजालाच. मोबदला म्हणून नव्हे, काम म्हणून. गेल्या दोन वर्षांत मी तो पट्टा हाताने खणून अकरा पावले सुलटा केला आहे. माझ्या छातीने पुढे होणार नाही. एकोणऐंशी पावले उरली आहेत. उलटं होतंय हे ज्याला तेव्हा दिसले, त्यानेच ती सुलटी करावी. या वेळी त्याला कोणी 'गाडी ढकल' म्हणणार नाही.

दार आतून लावून सही करत आहे. एलायजा खिडकीवर टकटक करतो आहे. कांद्याबद्दल काहीतरी म्हणतो आहे.

सही: अ‍ॅब्नर पेक
साक्षीदार: जॉब रँडल, लोहार
सायमन टॅरंट, प्रार्थनामंदिराचा कारभारी (या वेळी वेळेवर)
हॅसलफेन, ११ सप्टेंबर १९११