चौदा पापुद्रे

पाथर्डी, १४ नोव्हेंबर १९९६
आज कॉलेजात रुजू झाले. हजेरीपत्रकावर ठसठशीत अक्षरात ‘प्रेमला मुळे, पदार्थविज्ञान’ लिहिले. दिवाळी सरली, निम्मा गाव ऊसतोडीला गेलेला. तरी मन प्रसन्न आहे. त्रेचाळिसाव्या वर्षी स्वतःची प्रयोगशाळा मिळाली. भट्टी आहे, सूक्ष्मदर्शकही चांगला. आधीच्या सरांनी वाढवलेला मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा स्फटिक डबीत सापडला. नखाएवढा, काळा, आरशासारखा. शिपाई सहादेवमामांना त्या सरांचे नाव विचारले. म्हणाले, ओठावर हाय म्याडम, पन येत न्हाई.

१८ नोव्हेंबर
या स्फटिकाचे थरावर थर असतात. चिकटपट्टी लावून ओढली की वरचा सुटतो. पुरेसा पातळ मिळाला तर त्यावर ट्रान्झिस्टर करून पाहता येईल. माझा प्रबंध त्यावरच आहे. चिमट्याने ओरखडे पडत होते, म्हणून मामांना स्फटिक बोटांत धरायला सांगितला. उघड्या हाताने धरू नये हे मला माहीत होते. घाई केली. ते हसत होते. आमची मंडळी भाकरीचा पापुद्रा नुसत्या बोटानं काढती, तुमाला पट्टी लागती, म्हणाले. सहा थर काढून याच वहीत चिकटवले.

२१ नोव्हेंबर
पहिल्या थरावर अंगठ्याचा ठसा आहे. साहजिक आहे. पण दुसऱ्यावरही तोच. सहाव्यावरही. आतल्या थराला बोट लागलेच नव्हते. स्फटिक वाढतानाची वलये असतील, अशी समजूत घातली. मग हजेरीपत्रकाशी ताडून पाहिला. मामा सही करत नाहीत, अंगठा उमटवतात. कडेचा बारीक व्रणसुद्धा जुळला. आणि तरी दुपारी त्यांच्याच हातात स्फटिक देऊन आणखी आठ थर काढून वहीत लावले. मी का थांबले नाही?

२५ नोव्हेंबर
आज हजेरीपत्रकात त्यांचा अंगठा नुसता निळा डाग. रेषा नाहीत. शाई जास्ती झाली आसंल, म्हणाले. खिडकीपाशी उभे होते. त्यांच्या खांद्यातून मागचे गज दिसत होते. मी चष्मा पुसला. पुन्हा पुसला.

२७ नोव्हेंबर
मामा आले नाहीत. क्लार्क योगेश म्हणाला, गेला आसंल कोयता घेऊन. कायम नोकरीतला माणूस? हजेरीपत्रकात त्यांचे नाव पुसट झाले आहे. मागच्या वर्षीचे काढले. आधीच्या सरांची ओळही तशीच पुसट —

२८
मामांची बायको साळूबाई दारात उभी. हातात डबा. कुनाला तरी द्याचा हुता, म्हणाली. कुणाला, ते तिला आठवेना. मी नाव सांगितले. तिने ते दोनदा पुटपुटले आणि खाली बसली.

२९
थर परत बसवणार. चौदावा आधी. प्रबंध राहिला तर राहिला. चिमट्याने बसत नाहीत. हातानेच —
चौदावा बसला. तेरावा. व्हरांड्यात चपला वाजल्या.

३०
चौदाही बसले. वहीत चिकटपट्टीचे नुसते चौकोन उरले. मामा समोर टेबल पुसताहेत. अंगठ्यावर रेषा आहेत. रडू आले. त्यांनी वर पाहिले, अदबीने विचारले, बाई, कोन पायजे तुमाला?

स्फटिकावर सगळ्यात वर माझा ठसा.
पट्टी ओढल्याचा आवाज. माझ्या हातात पट्टी नाही. मामांच्याही —
चर्र. पुन्हा.
कागद बोटांच्या आरपार दिसतो आहे. लिहून ठेवते. माझे नाव प्रे